सोळा दिवसांची झाडलोट : मंडळीने आपली आत्मिक शुद्धी कशी करावी

नाताळच्या आधीचा आठवडा आला की चर्चच्या इमारतीची साफसफाई कशी करायची हे कोणाला शिकवावे लागत नाही. तरुण संघ शिडी लावून कोळिष्टके काढतो, महिला मंडळ प्रभुभोजनाचे पितळी पेले चिंच लावून घासते, बाके उन्हात निघतात आणि भिंतींना रंग लागतो. मात्र ज्या मंडळीची ती इमारत आहे तिची झाडलोट कोठून सुरू करावी, किती दिवस चालवावी, निघालेला केर कोठे टाकावा आणि काम पुरे झाले हे कशावरून ओळखावे, असे विचारले तर पंचांच्या बैठकीत बहुधा एकच उत्तर मिळते : तीन दिवसांच्या संजीवन सभा घ्या आणि बाहेरचा वक्ता बोलवा. सभा होतात, शेवटच्या रात्री पुष्कळ जण पुढे येऊन गुडघे टेकतात, मांडव उतरतो, आणि महिन्याभराने तीच दोन घराणी एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेली दिसतात. मी अशा सभांच्या विरोधात नाही. माझ्या पिढीतले कित्येक जण त्यांच्यातूनच विश्वासात आले. पण सभेला पाहुणे येतात आणि केर घरच्यांनीच काढायचा असतो. त्या घरकामाची एक रीत येथे लिहीत आहे. ती मुख्यतः मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांतील पाळक आणि पंच यांच्यासाठी आहे, आणि तिचा नमुना पवित्र शास्त्रातल्या दुसऱ्या इतिहासाच्या एकोणतिसाव्या अध्यायातून घेतला आहे.

त्या अध्यायात यहूदाचा राजा हिज्कीया गादीवर आल्याच्या पहिल्याच वर्षी, पहिल्याच महिन्यात यरुशलेमेच्या मंदिराची दारे उघडून दुरुस्त करतो. ती दारे त्याच्या बापाने, आहाज राजाने, बंद केलेली होती. मग याजक आतल्या भागात शिरतात आणि जे जे अशुद्ध सापडेल ते अंगणात आणून टाकतात. अंगणातून लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, ते उचलून किद्रोन ओहोळाकडे नेतात. पहिल्या दिवशी सुरू झालेले काम आठव्या दिवशी देवडीपर्यंत येते, आणखी आठ दिवस लागतात, आणि सोळाव्या दिवशी राजाला हिशेब दिला जातो. त्यानंतर अर्पणे आणि अर्पणांबरोबर गायन. हा क्रम नीट पाहिला तर आपण बहुतेक वेळा तो उलटा चालवतो हे लक्षात येते. आपण गायनापासून सुरुवात करतो आणि दारापर्यंत पोचतच नाही.

हे काम एकदा करून भागेल का, अशी शंका पंचांपैकी कोणीतरी काढतोच, म्हणून तिचे उत्तर आधी तयार ठेवावे. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायात आसियातील सात मंडळ्यांना पत्रे आहेत. त्या मंडळ्या स्थापन होऊन फार तर एखाददुसरी पिढी उलटली होती, तरीही सातांपैकी पाचांना पश्चात्ताप करण्यास सांगावे लागले. स्मुर्णा आणि फिलदेल्फिया या दोनच मंडळ्या दोषारोपातून सुटल्या. मार्टिन लूथरने १५१७ साली विटेनबर्ग येथे मांडलेल्या ९५ विधानांपैकी पहिलेच विधान असे आहे की, विश्वासणाऱ्याचे सबंध आयुष्य पश्चात्तापाचे असावे, अशी प्रभू येशूची इच्छा होती. आणि हे केवळ आपले प्रोटेस्टंट लोकांचे म्हणणे आहे असे कोणास वाटत असेल, तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नोव्हेंबर १९६४ मध्ये ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला त्यातही ख्रिस्तसभा पवित्र असून तिला सदैव शुद्धीची गरज आहे, असे स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. वसईचा कॅथलिक आणि अहमदनगरचा प्रोटेस्टंट पुष्कळ बाबतींत वेगळे बोलतील, पण येथे दोघांचे बोलणे एकच आहे.

वेळ ठरवणे आणि दारे उघडणे

लेंतचे दिवस या कामाला सर्वांत सोयीचे असतात, कारण भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत लोकांची मने आधीच त्या दिशेने वळलेली असतात. झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या शनिवारी सोळावा दिवस येईल असे धरून मागे मोजावे, म्हणजे पहिला दिवस शुक्रवारी पडतो आणि मध्ये दोन रविवार मिळतात. सुगीच्या किंवा परीक्षांच्या धांदलीमुळे हे दिवस जमत नसतील तर दुसरे निवडावेत. मात्र सलग सोळा दिवस असावेत. दर शनिवारी एक तास असे करून चार महिने ओढलेले काम मी पाहिले आहे. तिसऱ्या शनिवारनंतर फक्त पाळकसाहेब आणि पेटीवाला उरले होते.

या सोळा दिवसांच्या आधीचा महिना दारांसाठी ठेवावा. दार म्हणजे काय, हे मंडळीला स्पष्ट सांगावे लागते. त्या सातांपैकी लावदिकीयाच्या मंडळीला प्रभू म्हणतो की, मी दाराशी उभा आहे व दार ठोकत आहे. हे वचन आपण अविश्वासी माणसाच्या हृदयाला लावतो, पण पत्र मंडळीला लिहिलेले आहे, आणि बाहेर उभा असलेला तिचा स्वतःचाच प्रभू आहे. तेव्हा पहिले काम असे की, गेल्या पाचेक वर्षांत जी कुटुंबे उपासनेला येईनाशी झाली त्यांची यादी सभासदांच्या नोंदवहीवरून काढावी. यादी करताना 'ते तसलेच होते' असा शेरा कोणी मारला तर तो लिहून घेऊ नये. मग दोघादोघांच्या जोड्या करून त्या घरी जावे. जोडीत एक पंच असावा आणि दुसरा असा माणूस असावा की ज्याचे त्या घराशी कधी वाकडे आलेले नाही. तेथे जाऊन उपदेश करू नये, 'रविवारी या बरं का' असेही म्हणू नये. एकच प्रश्न विचारावा : आमच्याकडून काय झाले? आणि जे उत्तर येईल ते घरी परतल्यावर, त्यांच्याच शब्दांत, वहीत लिहावे.

या भेटींतून जे ऐकू येते ते क्वचितच सिद्धान्ताविषयीचे असते. कोणाच्या अंत्यविधीला पाळक वेळेवर आला नाही. कोणाच्या मुलीच्या लग्नाची जाहीर सूचना वाचताना नाव चुकले आणि लोक हसले. कोणाची वर्गणी थकली म्हणून वार्षिक सभेत त्याचे नाव मोठ्याने वाचले गेले. आणि एक उत्तर असे येते की जे ऐकून पंच खाली बघू लागतात. धर्मांतराला चार पिढ्या झाल्या तरी सोयरीक जुळवताना, पंच निवडताना, एवढेच काय तर प्रीतिभोजनाच्या पंगतीतही, पूर्वाश्रमीची जात अजून विचारली जाते. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीला फटकारले आहे. मराठी मंडळीत अंगठीच्या जागी आडनाव वाचावे, एवढाच फरक. हा केर वहीत आला नाही तर भेटी नीट झालेल्या नाहीत, असे मी समजतो.

आतल्या खोलीपासून

सोळा दिवसांपैकी पहिले आठ दिवस पाळक, पंच, खजिनदार, सेक्रेटरी, संडे स्कूलचे शिक्षक आणि गायकवृंदाचे प्रमुख यांचेच आहेत. मंडळीने या आठ दिवसांत रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, पण तिच्याकडून कसलीही कबुली मागू नये. हिज्कीयाच्या काळी आतल्या भागात आधी याजकच शिरले होते, आणि पेत्रही लिहितो की न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून होतो. व्यासपीठावरून लोकांना पश्चात्ताप करा म्हणणे सोपे आहे; ज्याने स्वतःची खोली झाडलेली नाही त्याच्या तोंडी ते शोभत नाही.

पहिल्या संध्याकाळी एक्कावन्नावे स्तोत्र सावकाश वाचावे आणि प्रत्येकाला एक कोरा कागद द्यावा. तासभर कोणी बोलू नये. कागदावर प्रत्येकाने स्वतःपुरती चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत : मी हे पद कशासाठी धरून ठेवले आहे? मंडळीच्या पैशाला, वस्तूला किंवा माहितीला मी माझी समजून कधी हात लावला? या खोलीतल्या कोणाविषयी मी पाठीमागे बोलतो? आणि मी एकांतात प्रार्थना शेवटची केव्हा केली? कागद कोणालाही दाखवायचा नाही, पण टाकूनही द्यायचा नाही. पाकिटात घालून, त्यावर आपले नाव लिहून, ते आठव्या दिवसापर्यंत ज्याचे त्याने बायबलमध्ये ठेवावे आणि त्या दिवशी सर्वांनी मिळून जाळावे. मधल्या दिवसांत ज्याला ज्याच्याशी बोलायचे असेल त्याने बोलून घ्यावे. जाळण्याच्या वेळी अजून न बोललेले काही उरले असेल तर ते पाकीट हातातून सुटत नाही, हे मी पाहिले आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी कपाटे उघडावीत. हे अक्षरशः घ्यावे. नहेम्या यरुशलेमेला परत आला तेव्हा त्याला कळले की एल्याशीब याजकाने तोबीया नावाच्या वजनदार माणसाला मंदिराच्या अंगणातली एक मोठी खोली देऊन टाकली आहे, आणि ती खोली पूर्वी धान्याची अर्पणे, धूप व लेव्यांचा दशमांश ठेवण्याची होती. नहेम्याने तोबीयाचे सामान बाहेर फेकले, खोल्या शुद्ध करवल्या आणि पात्रे, अर्पणे पुन्हा जागेवर ठेवली. प्रत्येक मंडळीत तोबीयाची एखादी खोली असते. चर्चच्या आवारातला गाळा नाममात्र भाड्याने कोणाकडे आहे, पार्सनेजमागची, म्हणजे पाळकाच्या घरामागची, जागा कोण वापरतो, बँकेच्या खात्यावर सही कोणाची चालते, विश्वस्त बदलल्यावर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल झाला का, लेखापरीक्षण शेवटचे कोणत्या वर्षाचे आहे, हे सर्व प्रश्न आत्मिकच आहेत. पैशाचा विषय निघाला की 'आपण प्रार्थना करू या' असे म्हणून बैठक मिटवण्याची आपली जुनी सवय आहे. त्या संध्याकाळी हिशेबाच्या वह्या आधी उघडाव्यात आणि प्रार्थना नंतर करावी.

आमच्या मंडळीत पहिल्यांदा असे कपाट उघडले तेव्हा वाळवी लागलेली बाप्तिस्म्याची नोंदवही निघाली, सुगीच्या सणाच्या लिलावाच्या पावत्या निघाल्या आणि एका बिस्किटांच्या डब्यात एक पाकीट निघाले. त्यावर 'विधवा निधी' असे लिहिले होते आणि आत पाचशेच्या सहा नोटा होत्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये ज्या बंद झाल्या त्या जुन्या नोटा. कोणी चोरी केली नव्हती. पाच बायकांना ते पैसे पोचवायचे ठरले होते आणि कोणी पोचवले नाहीत, इतकेच. पाकिटावरचे अक्षर माझे होते. त्या वर्षी मी सेक्रेटरी होतो. आम्ही पंचांनी खिशातून ती रक्कम भरली आणि पाचही घरी जाऊन कारण सांगून दिली. त्यांतल्या एका घरी आता सून राहत होती, सासू दोन वर्षांपूर्वी वारली होती. सुनेने पैसे घेतले, पाणी दिले आणि काहीच बोलली नाही.

असल्या गोष्टींसाठी आपल्याकडे नाव नसते. चोरी, व्यभिचार, दारू ही पापे व्यासपीठावरून ऐकून पाठ झालेली आहेत. पण जे करायला हवे होते ते न करणे, आणि न केल्याचे विसरून जाणे, याचा केर सर्वांत जाड असतो. म्हणून पहिल्या आठवड्याच्या शेवटी पंचांनी एक यादी करावी : गेल्या तीन वर्षांत मंडळीने कोणाला काय देण्याचे, करण्याचे किंवा कळवण्याचे कबूल केले होते आणि ते झाले का. इतिवृत्ताची वही पुढ्यात घेतली तर ही यादी एका संध्याकाळी होते.

येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. त्याच अध्यायात असे लिहिले आहे की, होमार्पणाच्या वेळी याजक कमी पडले, कारण स्वतःला शुद्ध करून घेण्यात याजकांपेक्षा लेवी अधिक सरळ मनाचे होते. याचा अर्थ असा की पाळक आणि पंच या आठ दिवसांत मागे पडतील आणि संडे स्कूलची एखादी शिक्षिका पुढे निघून जाईल, हे घडू शकते. तसे घडले तर तिला थांबवू नये.

अंगणात काय आणावे आणि काय आणू नये

नवव्या दिवसापासून सर्व मंडळीचे दिवस सुरू होतात, आणि सर्वांत अधिक नुकसान होण्याचा धोकाही येथेच असतो. मी एक नियम सांगतो, तो काटेकोर पाळावा : पाप जितक्यांपर्यंत पोचले आहे तितक्यांसमोरच ते कबूल करावे. जे केवळ देवाला ठाऊक आहे ते देवालाच सांगावे, फार तर पाळकाला एकांतात. जे एका माणसाविरुद्ध केले ते त्या माणसाला सांगावे. आणि जे मंडळीसमोर केले, जसे वार्षिक सभेतला अपमान, निवडणुकीतली लबाडी, खोटा हिशेब, ते मंडळीसमोरच कबूल करावे. तेथे 'खासगीत मिटवले' चालत नाही. मनातल्या वासनांचे वर्णन भर सभेत करणे हे धैर्य वाटते, पण त्याने ऐकणाऱ्यांच्या घरी संशय शिरतो आणि दुसऱ्या कोणाचे तरी नाव उगाच धुळीला मिळते.

दोन माणसांतल्या तंट्यासाठी मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या पायऱ्या आहेत : आधी एकट्याने जावे, ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्यावे, मग मंडळीला सांगावे. आपण बहुधा शेवटच्या पायरीपासून सुरू करतो, आणि अलीकडे तर व्हॉट्सॲप ग्रुपवरून. या आठ दिवसांत ग्रुप बंद ठेवावा. वेळापत्रकाची सूचना फलकावर लावली तरी काम भागते. ज्याच्या मनात भावाविषयी काही आहे त्याने वेदीपाशी आपले दान ठेवून आधी समेट करावा, हे प्रभूचे वचन दहाव्या दिवशी, म्हणजे दुसऱ्या रविवारी, वाचावे आणि त्या उपासनेत दानार्पण घेऊच नये. दानपेट्या रिकाम्या राहिल्या की लोक वचन ऐकतात.

समेट करायला जाताना 'माझे काही चुकले असेल तर माफ करा' हे वाक्य घरी ठेवून जावे. त्या 'असेल तर'मध्ये सगळा पळपुटेपणा भरलेला आहे. काय केले ते सांगावे, केव्हा केले ते सांगावे, आणि नुकसान झाले असेल तर भरून द्यावे. जक्कय नावाच्या जकातदाराने ज्याला फसवले त्याला चौपट परत देईन असे सांगितले होते, आणि तारण या घराला आज लाभले आहे असे प्रभू म्हणाला ते त्यानंतर. चौपट जमत नसेल तर निदान मुद्दल तरी द्यावे.

एका बाबतीत मात्र समेटाची भाषा वापरूच नये. लहान मुलावर किंवा मुलीवर कोणी लैंगिक अत्याचार केल्याचे या दिवसांत किंवा एरवी उघड झाले, तर ती मंडळीने आत मिटवण्याची बाब नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ज्याला अशी माहिती आहे त्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, मग तो पाळक असो की पंच. अशा वेळी मुलाच्या आईबापांना 'क्षमा करा, मंडळीची अब्रू जाईल' असे सांगणारा माणूस केर काढत नाही, सतरंजीखाली सारतो. मारहाण, हुंडा, पैशाची मोठी अफरातफर यांतही कायद्याची वाट मोकळी ठेवावी. क्षमा आणि तक्रार या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात.

१९०५ च्या जून महिन्यात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे आत्मिक संजीवन झाले त्याची आठवण मराठी ख्रिस्ती माणूस काढल्यावाचून राहत नाही. पंडिता रमाबाईंच्या आश्रमातल्या मुली तासन् तास रडत होत्या, पापे कबूल करत होत्या, प्रार्थना थांबत नव्हत्या. पण आठवण काढताना दोन गोष्टी सोडून दिल्या जातात. एक, त्याआधी कित्येक महिने रमाबाईंनी मुलींना नेमाने प्रार्थनेला बसवले होते. ते अचानक कोसळलेले नव्हते. दुसरे, ज्या आवारात हे घडले त्याच आवारात दुष्काळातून आणलेल्या मुलींना दोन वेळचे जेवण, शाळा, शेती आणि हातमाग हेही चालत होते. ज्या मंडळीला नुसते रडणे हवे असते आणि हातमाग नको असतो, तिने केडगावचे नाव घेऊ नये.

किद्रोनला टाकायचे ते

अंगणात आलेला केर अंगणातच राहिला तर तो वाऱ्याने परत आत येतो. लेव्यांनी तो शहराबाहेर ओहोळात नेऊन टाकला. मंडळीत याचा अर्थ असा की, जे कबूल झाले, भरून दिले आणि क्षमा झाले ते पुन्हा कोणी काढायचे नाही : प्रवचनात उदाहरण म्हणून नाही, पुढच्या निवडणुकीत नाही, लेकीच्या लग्नाच्या वेळी नाही. करिंथच्या मंडळीने एका माणसाला शिक्षा केली, आणि पौलाला दुसऱ्या पत्रात लिहावे लागले की आता पुरे, त्याला क्षमा करा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. भेटींनंतर लिहिलेली वही सोळाव्या दिवशी दोन भागांत करावी. ज्या गोष्टी अजून व्हायच्या आहेत त्या एका कागदावर उतरवून ठेवाव्यात आणि बाकीची पाने फाडून नष्ट करावीत.

काही वस्तू टाकताना मात्र जीव तुटतो, कारण त्या मुळात चांगल्या होत्या. मोशेने अरण्यात उंच केलेला पितळेचा सर्प हिज्कीयाने फोडून टाकला, कारण लोक त्याला धूप जाळू लागले होते. देवाच्याच सांगण्यावरून घडवलेली ती वस्तू होती, तिने जीव वाचवले होते, आणि तरीही ती फोडावी लागली. मिशनरी साहेबांच्या काळापासून एका घराण्याकडे चालत आलेला मान, शंभर वर्षांपूर्वीची उपासनेची वेळ, जयंतीच्या वर्षी सुरू झालेला आणि आता फक्त खर्चासाठी चालणारा मेळावा, यांपैकी कशापुढे धूप जळतो आहे हे पाहावे. कशाला हात लावायचा हे ठरवण्यासाठी एक सोपी कसोटी आहे : ही गोष्ट वर्षभर बंद ठेवली तर देवाच्या कामाचे काय अडेल, असे विचारावे. उत्तरात केवळ माणसांची नावे आली तर तो पितळेचा सर्प आहे.

टाकून दिलेली पात्रे

सोळाव्या दिवसाच्या अहवालात याजक राजाला सांगतात की, आहाजाने ज्या पात्रांचा त्याग केला होता तीही आम्ही सिद्ध करून वेदीपुढे ठेवली आहेत. शुद्धी म्हणजे फक्त फेकणे नव्हे, हे या एका वाक्यात आले. आपल्या मंडळ्यांनीही पुष्कळ काही अडगळीत टाकले आहे : घरची सायंप्रार्थना, आजारी माणसाच्या उशाशी वचन वाचणे, बिनमाइकची भजने. नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन ही आपल्या मातीतली पात्रे ख्रिस्ताच्या वेदीपुढे आणून ठेवली, आणि १९१७ साली मिशनचा पगार सोडून बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या शिष्यांसाठी 'देवाचा दरबार' सुरू केला. तो दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही, पण त्यामागची तगमग आजही कामाची आहे. ज्या मंडळीत टिळकांची गीते फक्त अंत्यविधीला म्हटली जातात तिने ती रविवारी परत आणावीत.

माणसेही अडगळीत टाकली जातात. ज्या विधवेचा आवाज गोड होता पण सुनेशी पटत नाही म्हणून जिला गायकवृंदातून काढले, जो निवृत्त शिक्षक हिशेबात अडचणीचे प्रश्न विचारी म्हणून पंच झाला नाही, त्यांची नावे चौदाव्या दिवसापर्यंत पुढे यावीत आणि त्यांना काम द्यावे. नुसता सत्कार करून शाल देऊ नये.

गायन, प्रभुभोजन आणि नंतरचे रिकामे घर

झावळ्यांच्या रविवारी गायन होऊ द्यावे, मोकळ्या गळ्याने. प्रभुभोजन गुरुवारी ठेवावे, आणि मोठा तंटा अजून तसाच असेल तर ते पुढे ढकलण्यास भिऊ नये. पुरेसे याजक शुद्ध झाले नव्हते म्हणून हिज्कीयाने वल्हांडणाचा सणच एक महिना पुढे नेला होता. त्याचबरोबर एफ्राइम, मनश्शे या भागांतून आलेल्या पुष्कळ लोकांनी शुद्ध न होताच वल्हांडणाचे भोजन केले, तेव्हा राजाने त्यांना हाकलले नाही, त्यांच्यासाठी प्रार्थना केली, आणि परमेश्वराने ती ऐकली. दाराशी यादी घेऊन उभे राहणाऱ्या पंचाने दुसऱ्या इतिहासाचा हा तिसावा अध्याय वाचून मग उभे राहावे.

ईस्टरनंतरचा आठवडा सर्वांत अवघड असतो. झाडून नीटनेटके केलेल्या रिकाम्या घरात अशुद्ध आत्मा आपल्याहून वाईट असे आणखी सात सोबती घेऊन परततो, असे प्रभूने सांगितले आहे. म्हणून तंट्यातून मोकळा झालेला वेळ आणि उत्साह लगेच भरावा : उरलेल्या कामांचा जो कागद ठेवला आहे त्यातली दोन कामे पंधरा दिवसांत व्हावीत, आणि ज्यांच्यात समेट झाला त्या दोघांना एकाच कामावर नेमावे. आमच्याकडे असे दोघे पावसाळ्यात चर्चचे छप्पर शाकारायला एकत्र चढले. वर त्यांचे पुन्हा भांडण झाले, पण कौले बसवून झाल्यावर.

पुढच्या वर्षीची तारीखही त्याच आठवड्यात इतिवृत्तात लिहून ठेवावी. हिज्कीयाचा मुलगा मनश्शे याने बापाने काढलेले सर्व परत आणले आणि पंचावन्न वर्षे राज्य केले. मग योशीया राजाच्या काळी मंदिर पुन्हा झाडावे लागले, आणि तेव्हा त्यात नियमशास्त्राचा ग्रंथच सापडला, जो हरवला आहे हे कोणाच्या गावीही नव्हते. तारखेबरोबर, पहिल्या दिवशी कपाट कोणी उघडायचे तेही लिहावे, आणि तो माणूस विद्यमान पंचांपैकी नसावा. आमच्या कपाटाची दुसरी किल्ली आता संडे स्कूलच्या बाईंकडे असते. मागच्या वर्षी त्यांनी ते लेंत सुरू होण्याआधीच, कोणालाही न सांगता, एकदा उघडून पाहिले होते, आणि डबा रिकामा असल्याचे इतिवृत्ताच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.